हाताच्या सीआरपीएसवर लेझर: कुणी घेतलाय का?

सावली_७ | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आई, वय ६१. चार महिन्यांपूर्वी पाय घसरून उजव्या हातावर पडली, मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टरमध्ये असतानाच "आत कुणी निखारे भरलेत" म्हणायची आणि आम्ही सगळे "अगं, हाड मोडलंय, दुखणारच" म्हणून तिला गप्प करायचो. प्लास्टर काढल्यावर जो हात बाहेर आला तो आमच्या ओळखीचाच नव्हता. सुजलेला, जांभळट, कातडी मेण चोळल्यासारखी तकतकीत, डाव्यापेक्षा चांगलाच गरम, आणि बोटं मिटेनात. आता तो गरमपणा गेलाय, उलट हात गार पडतो. त्या हाताची नखं भराभर वाढतात. झोपेत चादरीची कड घासली तरी दचकून उठते.

तिसऱ्या डॉक्टरांनी सीआरपीएस असं निदान केलं. पूर्ण नाव कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. प्रीगाबालिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरची गोळी, चालू आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणतात लो लेव्हल लेझरच्या १५ बैठका घेऊन बघू. नेटवर निम्मे लोक चमत्कार म्हणतात, निम्मे थोतांड. कुणी प्रत्यक्ष घेतलाय का? दुखतो का? आईचा पहिला प्रश्न तोच आहे, "हाताला लावणार का?"

तिरकसराव | सोमवार, रात्री १०:३०

माझ्याकडे स्लाइड दाखवायचा लेझर पॉइंटर आहे. भिंतीवर मांजर नाचवायला उत्तम चालतो. चालेल का?

(आईंना लवकर आराम पडो, हे मनापासून.)

कळकळ | सोमवार, रात्री ११:०५

घेतलाय. डावं पाऊल, घोटा मुरगळल्याचं निमित्त, चार वर्षं झाली. लेझर मी दुसऱ्या वर्षी घेतला, १२ बैठका.

आधी आईंच्या प्रश्नाचं उत्तर. लेझर दुखत नाही. काहीच कळत नाही, इतकं की तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "मशीन चालू आहे ना?" जाड पेनासारखा प्रोब असतो. एका जागी धरतात, पीक वाजतं, पुढच्या जागी सरकतात. दुखतं ते प्रोब टेकण्याचं. माझ्या पावलाला तेव्हा मोजासुद्धा सहन होत नव्हता, त्यामुळे सुरुवातीला त्यांनी प्रोब हवेत धरला होता.

फायदा? बैठकीनंतर साधारण दोन-अडीच तास आग निम्म्यावर यायची, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. पहिल्या आठवड्यात ते दोन तास मी झोपून काढले. बरं वाटतंय तर झोप काढू, हा हिशोब. मग फिजिओबाईंनी झापलं: "ही उसंत झोपायला दिलेली नाही." तेव्हापासून लेझर झाला की लगेच पाऊल जमिनीवर, आधी कापूस फिरवायचा, मग मऊ टॉवेल, मग खरखरीत, मग वजन टाकायचं. आज मी बूट घालून चालतो. लेझरने बरं केलं असं मी म्हणणार नाही. त्या दोन तासांत जे केलं त्याने केलं. पण लेझर नसता तर ते दोन तास मिळाले असते का, हेही सांगता येत नाही.

मृगजळ | मंगळवार, सकाळी ७:४८

माझा अनुभव उलटा आहे, तोही नोंदवून ठेवते. हाताच्या शस्त्रक्रियेत नसेला (मज्जातंतूला) इजा झाली, म्हणजे माझा सीआरपीएस टाइप २ मधला. एका ठिकाणी "लेझर" म्हणून जे दिलं त्याने हात चांगलाच तापला. इजा झालेल्या भागात गरम-गार नीट कळत नाही, त्यामुळे मी "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत राहिले. त्या रात्री जो भडका उडाला तो आठ दिवस. नंतर कळलं की ते लो लेव्हल नव्हतंच. तेव्हा घेण्याआधी मशीन कोणतं ते विचारा. मी विचारलं नव्हतं.

प्रकाशवर्ष | मंगळवार, सकाळी ९:२०

मृगजळ यांचा मुद्दा फार महत्त्वाचा. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं म्हणून थोडं मास्तरपण करतो.

लेझरचे वर्ग असतात. ३बी म्हणजे ५०० मिलिवॅटच्या आतले, त्यावरचे सगळे वर्ग ४. लो लेव्हल म्हणतात ते साधारणपणे ३बी मधले, कातडी तापवत नाहीत. वर्ग ४ ची उपचारयंत्रं कित्येक वॅटची असतात, ती तापवतात आणि म्हणून प्रोब सतत फिरता ठेवावा लागतो. दोन्हींना रोजच्या बोलण्यात "लेझर"च म्हणतात. समईची ज्योत आणि शेगडी दोन्हीही आगच, तसं.

मात्रा मोजायची ज्यूलमध्ये: वॅट गुणिले सेकंद. १०० मिलिवॅटचा प्रोब एका बिंदूवर ६० सेकंद धरला की ६ ज्यूल. सावलीताई, विचारायचे प्रश्न इतकेच: तरंगलांबी किती नॅनोमीटर, शक्ती किती मिलिवॅट, एका बिंदूला किती ज्यूल, किती बिंदू. यांची उत्तरं न देता "आमचं मशीन इंपोर्टेड आहे" असं कुणी सांगितलं तर नमस्कार करून बाहेर या.

तिरकसराव, तुमचा पॉइंटर ५ मिलिवॅटच्या आतला असणार. तेवढेच ६ ज्यूल द्यायला एकेका बिंदूवर २० मिनिटं धरावा लागेल. रुग्णाचा हात दुखायचा थांबेल की नाही ते सोडा, धरणाऱ्याचा नक्की दुखेल.

तिरकसराव | मंगळवार, सकाळी ९:३१

म्हणजे एकाचे दोन पेशंट. धंदा वाईट नाही.

फिजिओ_मनवा | मंगळवार, दुपारी २:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लेझर वापरते, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं आहे असं धरूनच वाचा.

काम कसं होतं असं मानतात: लाल आणि अवरक्त प्रकाश, साधारण ६०० ते १००० नॅनोमीटरचा, पेशीतल्या मायटोकाँड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ नावाचं एन्झाइम शोषून घेतं. त्यातून पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, दाह कमी व्हायला मदत होते. नसांवर अवरक्त लेझर दिला की वेदना वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंचं वहन तात्पुरतं मंदावतं, असंही प्रयोगांत दिसलंय. कळकळ यांचे दोन तास बहुधा त्यातलेच.

सीआरपीएसमध्ये मी थेट दुखऱ्या जागेवर कधीच सुरुवात करत नाही. आधी मान आणि दंड, मग कोपर, मग पुढचा हात, असं हळूहळू खाली येते. स्पर्श सहन होत नसेल तर प्रोब थोडा वर धरते, पण मग बराचसा प्रकाश परावर्तित होतो आणि पसरतो, आत पोचणारी मात्रा घटते. ते रुग्णाला सांगते. "जास्त दिलं तर जास्त फायदा" हे इथे लागू नाही. मात्रा एका मर्यादेपुढे गेली की परिणाम कमी होतो, कधी उलटतोही. सावळ्या-काळ्या त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, तेव्हा जपून.

चष्मा दोघांनीही घालायचा, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने. ८०८ किंवा ९०४ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला दिसत नाही. लाल ठिपका दिसतो तो बहुतेक वेळा नुसता नेम दाखवणारा दिवा असतो. न दिसणाऱ्या किरणाला पापणी मिटत नाही, धोका तिथेच आहे. आणि कर्करोगाची गाठ असलेल्या जागेवर लेझर देत नाहीत. आईंना तसं काही असेल तर आधी सांगा.

सावली_७ | मंगळवार, रात्री ९:०२

इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. मनवाताई, तसं काही नाही. प्रश्न लिहून घेतलेत, उद्या विचारते.

अजून एक विचित्र गोष्ट. आई त्या हाताला "माझा हात" म्हणत नाही. "तो" म्हणते. "त्याला उचलून उशीवर ठेव." आधी वाटलं चिडून म्हणते, पण चिडलेली नसतानाही तसंच. हे मनावर घेण्यासारखं आहे का?

वेदनावैद्य | मंगळवार, रात्री ११:४०

भूलतज्ज्ञ आहे, वेदनाचिकित्सा करतो. आज दवाखाना उशिरा संपला, म्हणून उशिरा.

सावली, "तो" म्हणणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. मेंदूत शरीराचा जो नकाशा असतो त्यात त्या हाताची जागा विस्कटते. अनेक रुग्णांना हात परका वाटतो, डोळे मिटल्यावर बोटं कुठे आहेत ते सांगता येत नाही, चित्रातला हात डावा की उजवा हे ओळखायला वेळ लागतो. आईंचं डोकं ठिकाणावर आहे. त्या जे सांगताहेत ते अगदी अचूक आहे.

निदानाबद्दल: यासाठी रक्ताची एकच एक तपासणी नाही. २००३ साली बुडापेस्टला तज्ज्ञ जमले, तिथे ठरलेले निकष आपण वापरतो. मूळ दुखापतीच्या मानाने फार जास्त वेदना ही पहिली अट. मग चार गट: स्पर्श-संवेदना, त्वचेचा रंग व तापमान, घाम व सूज, आणि हालचाल किंवा नखं-केस-त्वचेतले बदल. चारपैकी तीन गटांत तक्रार हवी, तपासताना दोन गटांत प्रत्यक्ष दिसायला हवं, आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने हे सगळं समजावता येत नसावं. तुमचं वर्णन वाचता निदान बरोबर वाटतं, पण हात पाहिल्याशिवाय मी यापुढे बोलणार नाही.

आता लेझर. मनवा यांनी सांगितलेलं पेशींचं शास्त्र प्रयोगशाळेत चांगलं दिसतं. केमो-रेडिएशनच्या रुग्णांना तोंडात व्रण होतात, ते टाळायला लेझर द्यावा असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे, तिथे पुरावा भक्कम आहे. मानदुखीतही काही प्रमाणात आहे. सीआरपीएसमध्ये मात्र फार तुटपुंजा. सर्बियातल्या एका छोट्या प्रयोगात लेझरची तुलना इंटरफेरेन्शियल करंटशी (विजेच्या सौम्य प्रवाहाच्या उपचाराशी) केली होती, वेदना आणि सूज लेझरच्या गटात जास्त उतरली. पण एवढ्याशा आकड्यांवर इमला बांधता येत नाही. वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये सीआरपीएसवरच्या फिजिओथेरपीचा आढावा घेतला: एकूण ३४ प्रयोग, १३३९ रुग्ण, आणि निष्कर्ष असा की खात्रीलायक म्हणावं असं जवळपास काहीच नाही.

हे फक्त लेझरबद्दल नाही, आमच्या सुयांबद्दलही आहे. मानेतल्या स्टेलेट गँग्लियनचा ब्लॉक, म्हणजे तिथला नसांचा पुंजका सुईने बधिर करणं, आम्ही वर्षानुवर्षं देतो, त्याचाही पुरावा कच्चाच.

जुनाखोड | बुधवार, सकाळी ६:१०

म्हणजे डॉक्टरसाहेब, तुमचंही थोतांड आणि त्यांचंही थोतांड. मग माणसाने जायचं कुठे?

वेदनावैद्य | बुधवार, सकाळी ८:५५

पुरावा कच्चा म्हणजे थोतांड नव्हे, जुनाखोड. आजार तुलनेने दुर्मिळ, प्रत्येकाचा वेगळा, पहिल्या वर्षात बरेच रुग्ण काहीही केलं तरी थोडेफार सुधारतात. अशात कोणता उपाय लागू पडला हे ठरवणं अवघड. जायचं कुठे विचाराल तर: हात हलवणं. सगळ्या गोळ्या, सुया, प्रकाश हे तो हलवता यावा म्हणून. लवकर ओळखलं तर स्टिरॉइडचा छोटा कोर्स, हाडांवर काम करणारी बिस्फॉस्फोनेट औषधं, आणि फारच हट्टी दुखण्यात मणक्याजवळ बसवायचं विजेचं स्टिम्युलेटर, असा जिना आहे. लेझर त्या जिन्याची पायरी नाही. फार तर कठडा म्हणा.

फिजिओ_मनवा | बुधवार, सकाळी १०:२०

कठडा चालेल मला. पडणाऱ्याला विचारा कठड्याची किंमत.

एक मात्र खटकतं. अवरक्त लेझर रुग्णाला ना दिसतो ना जाणवतो. म्हणजे बंद प्रोब धरून खोटा उपचार देणं, ना रुग्णाला कळेल ना देणाऱ्याला, हे इथे इतकं सोपं आहे. सुईत किंवा मालिशीत ते जमत नाही. तरीही सीआरपीएसवर मोठे, नीट केलेले प्रयोग नाहीत. यात आम्ही लेझरवालेही दोषी आहोत. "आमच्या पेशंटला बरं वाटतं" एवढ्यावर भागवतो.

तिरकसराव | बुधवार, सकाळी १०:४४

बुडापेस्टवरून आठवलं. लेझर उपचारांचा जन्मही तिथलाच ना? म्हणजे निदान पण त्यांचं, औषध पण त्यांचं. संशय घ्यायला जागा आहे.

प्रकाशवर्ष | बुधवार, सकाळी ११:३०

बरोबर आठवलं! एंड्रे मेस्टर, बुडापेस्टचेच डॉक्टर. १९६० साली मायमनने पहिला रुबी लेझर केला, आणि १९६७ च्या सुमारास मेस्टर हे लेझरने कर्करोग होतो का ते तपासत होते. उंदरांची पाठ भादरली, निम्म्यांना लेझर दिला. कर्करोग झाला नाही, पण लेझरवाल्या उंदरांचे केस भराभर उगवले. तिथून हे सगळं सुरू झालं.

तिरकसराव | बुधवार, सकाळी ११:३३

केस?? डॉक्टर, धाग्याचा विषय बदलता येईल का? टाळूवर किती ज्यूल लागतील?

कळकळ | बुधवार, दुपारी १:०५

धागा भरकटायच्या आत: मला कुणीतरी सांगितलं होतं की हा आजार अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून माहीत आहे. वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी गोळी लागलेल्या सैनिकांमध्ये पाहिला, नसेला इजा आणि हातापायात न विझणारी आग. त्यांनी त्याला कॉसॅल्जिया म्हटलं. त्या सैनिकांबद्दल एक गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता. कोरडा स्पर्श सहन होईना म्हणून ते हात सतत ओला ठेवत, कुणी तर बुटात पाणी ओतून चालत. मी पहिल्या वर्षी मोजा ओला करून घालायचो. बायकोला वाटायचं डोकं फिरलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा सैनिकाने माझ्यासारखंच केलं होतं हे कळल्यावर मी तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं.

मृगजळ | बुधवार, दुपारी १:४०

कळकळ, ओला रुमाल. मी पण. कुणालाही सांगितलं नव्हतं.

शब्दवेडी | बुधवार, दुपारी ३:२५

आजाराबद्दल काही कळत नाही, पण एक विचारू? डॉक्टर नेहमी "दहापैकी किती दुखतं" विचारतात. माझ्या आत्याने एकदा उत्तर दिलं होतं, "दुखत नाही, ठणकतंय. ठणक्याला तुमच्याकडे आकडा आहे का?" मराठीत कळ वेगळी, चमक वेगळी, ठसठस वेगळी, रग वेगळी. सल तर वेगळाच. सीआरपीएसच्या लोकांना नेमकं काय होतं?

कळकळ | बुधवार, दुपारी ४:००

भगभग. हाच शब्द. जळजळ म्हटलं की लोकांना पोटातली वाटते. भगभग म्हणजे आतून धग, वरून कातडी गार. मधूनच चमक, ती मात्र विजेसारखी, आली नि गेली. रात्री ठणका.

मृगजळ | बुधवार, दुपारी ४:१२

मला चुरचुर आणि टोचणी. आणि बाहीचं कापड लागलं की कळ जाते ती थेट खांद्यापर्यंत. मुंग्या येतात पण त्या चावणाऱ्या.

वेदनावैद्य | बुधवार, रात्री ११:१०

शब्दवेडी, तुमच्या आत्यांना माझा नमस्कार सांगा. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेचं वर्णन करायची मॅकगिल प्रश्नावली केली ती याच कारणाने: आकडा पुरत नाही, शब्द हवेत. भगभग आणि चुरचुर म्हटलं की नसेच्या दुखण्याची शंका येते, ठसठस म्हटलं की दाहाची. रुग्ण "खूप दुखतं" एवढंच म्हणाला तर मी मुद्दाम विचारतो, "ठणकतं की चावतं?" निम्मं निदान तिथे होतं. इंग्रजीतून शिकलो, पण हे काम मराठीत जास्त सोपं जातं.

तिरकसराव | बुधवार, रात्री ११:१८

आणि फुंकर? लहानपणी सगळ्यावर तोच लो लेव्हल उपचार होता.

सावली_७ | गुरुवार, सकाळी ७:००

तिरकसराव, हसले, पण सांगते. मागच्या महिन्यात माझ्या मुलीने आजीच्या हातावर फुंकर घातली. आई किंचाळली. पोरगी तेव्हापासून आजीजवळ जायला घाबरते. फुंकरसुद्धा लागते हो या आजारात.

तिरकसराव | गुरुवार, सकाळी ७:०६

माफ करा. शब्द मागे घेतो.

सावली_७ | गुरुवार, सकाळी ७:०९

अहो, नका घेऊ. घरात कुणी विनोदच करेनासं झालंय.

आडवाटेने | गुरुवार, सकाळी ९:१५

थोडं अवांतर. भाऊजींचं मनगट परवा मोडलं, प्लास्टरमध्ये आहेत. हा धागा वाचून घाबरलोय. व्हिटॅमिन सी घेतल्याने हे टळतं असं कुणीतरी म्हणालं, खरं का?

वेदनावैद्य | गुरुवार, दुपारी २:३०

नेदरलँड्समध्ये १९९९ आणि २००७ साली झालेल्या प्रयोगांत मनगट मोडल्यावर रोज ५०० मिलिग्रॅम, ५० दिवस दिल्याने प्रमाण कमी दिसलं. २०१४ च्या दुसऱ्या एका प्रयोगात फायदा दिसला नाही. मूतखड्याचा त्रास असेल तर न विचारता घेऊ नका. त्याहून महत्त्वाचं: प्लास्टर आवळतंय, आग होतेय, बोटं सुजून घट्ट झालीत असं ते म्हणाले तर त्याच दिवशी दाखवा. आणि प्लास्टरबाहेरची बोटं, कोपर, खांदा रोज हलते ठेवा. बहुतेकांना मनगट मोडून हा आजार होत नाही, तेव्हा झोप उडवून घेऊ नका.

सावली_७ | गुरुवार, रात्री ९:५०

विचारून आले. ८०८ नॅनोमीटर, १०० मिलिवॅट, बिंदूला ४ ज्यूल, आधी मान आणि दंड, मग खाली. वर्ग ३बी. बाईंनी एकही प्रश्न उडवून लावला नाही, उलट "हे कुणी शिकवलं?" म्हणाल्या. सोमवारपासून सुरू. चष्मे आहेत. शिवाय त्यांनी आरशात बघून हात हलवायचा व्यायाम सांगितलाय. आरसा घरीच लावायचा आहे, त्याचं कुणी समजावेल का?

फिजिओ_मनवा | शुक्रवार, सकाळी १०:००

आरसा दोन हातांच्या मधोमध, उभा. दुखरा उजवा हात आरशाच्या मागे, दिसणार नाही असा. चांगला डावा पुढे. आईंनी आरशात बघायचं, तिथे डाव्याचं प्रतिबिंब उजव्याच्या जागी दिसेल. डावा हलवायचा, मागचा जमेल तेवढाच. अंगठी-घड्याळ काढून ठेवा, नाहीतर मेंदूला फसवणूक कळते. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बघूनच आग वाढली तर थांबा आणि आधी नुसती हातांची चित्रं दाखवून डावा-उजवा ओळखायला लावा. वेदनासंशोधक मोझली यांनी घालून दिलेल्या व्यायामक्रमात तेच आधी आहे: ओळखणं, मग मनात हलवणं, मग आरसा.

आणि मोजत जा. मनगटाभोवती आठच्या आकड्यासारखी मोजपट्टी फिरवून सूज, रोज एकाच वेळी एक फोटो, आणि एक काम निवडा: नळ फिरवणं, वेणी घालणं, काहीही. "बरं वाटतंय का" हा प्रश्न आठवड्यातून एकदाच विचारा.

सावली_७ | सात आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:२०

धागा वर काढतेय. हिशोब द्यायचा राहिला होता.

१५ पैकी ११ बैठका झाल्या, मधे माझ्या तापामुळे खंड. वहीत लिहिलंय: सात दिवशी दोन तासांच्या आसपास उसंत, दोन दिवशी काहीच फरक नाही, दोन दिवशी जास्त दुखलं. त्यातला एक दिवस त्यांनी पहिल्यांदाच प्रोब तळव्याला टेकवला तो. सूज दीड सेंटिमीटर उतरली. बोटं तळव्यापासून दोन बोटं अंतरावर येतात, आधी वीतभर लांब असायची. नळ उघडता येतो, घट्ट बंद करता येत नाही. पण याच काळात गोळीचा डोस वाढला, आरसा सुरू झाला, आणि सहा महिनेही उलटले. कशाने झालं, काय सांगू?

क्लिनिकमध्ये आता आणखी १५ घ्या म्हणताहेत.

प्रकाशवर्ष | रविवार, रात्री ८:०५

वही ठेवलीत, जिंकलंत. आता एक करा. व्यायाम, आरसा, गोळ्या सगळं तसंच ठेवून लेझर दहा दिवस बंद. वहीच सांगेल.

जुनाखोड | सोमवार, सकाळी ६:०५

चालू गाडीचं चाक कशाला काढता? बरं वाटतंय ना, घेऊ द्या त्यांना.

फिजिओ_मनवा | सोमवार, सकाळी ९:४०

मी लेझरवाली असूनही प्रकाशवर्ष यांच्या बाजूने. उरलेल्या चार बैठका घ्या, मग थांबा. पुढच्या १५ आत्ता कबूल करू नका. फरक पडत असेल तर थांबल्यावर कळेलच.

सावली_७ | तीन आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री १०:०२

थांबवला. पहिले चार दिवस व्यायामाच्या वेळी जास्त कण्हली, मग पूर्वीसारखंच. बोटं मागे गेली नाहीत, किंचित पुढेच. तर सध्या लेझर नाही. वाटलं तर पुन्हा पाच घेऊ, असं बाईंशी ठरलंय, त्याही तयार झाल्या.

आई अजून हाताला "तो"च म्हणते. पण परवा वेणी घालताना केस सुटले तर त्याच्यावर ओरडली, "मेल्या, धर की नीट!"

वेदनावैद्य | मंगळवार, रात्री ११:५५

परक्याला कुणी "मेल्या" म्हणत नाही. बरी ओळख झालेली दिसते. लिहून ठेवा वहीत.

नवाभिडू | बुधवार, सकाळी ८:१२

छान धागा. माझा गुडघा गेली दहा वर्षं कुरकुरतोय, लेझर चालेल का? शिवाय टक्कलही आहे.

तिरकसराव | बुधवार, सकाळी ८:१४

गुडघ्याचं मनवाताई सांगतील. टकलाच्या रांगेत माझ्या मागे उभे राहा.